पुण्यात दुसरीच्या मुलांना जून-जुलैमध्ये नेमकं काय शिकवतात?

माझी मुलगी दुसरीत आहे, मराठी माध्यम. पहिले पंधरा दिवस पहिलीची उजळणी, आणि ओले रेनकोट कुठे टांगायचे ते ठरवणं. मग गणितात दशक-एकक. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधायचे, उरलेल्या सुट्या (आमच्या दोन काडेपेट्या त्यात गेल्या). खरी गोम इथेच. २९ ला 'एकोणतीस' म्हटलं की कानाला तीस ऐकू येतं आणि हात आधी ३ लिहून मोकळा होतो. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस नऊ' असं वाचन आलं, तर केवढा गदारोळ! मला तरी ते पटलं होतं. मराठीत सध्या काना-मात्रा पक्क्या करणं, जोडाक्षरं सावकाश. पाढे म्हणाल तर अजून बे एके बे.