नवे शूज आणि तुझ्या पोटऱ्या

प्रिय पोरी,

काल रात्री अकराला तुझा फोटो आला, पिवळेधमक झीरो ड्रॉप शूज (टाच आणि चवडा एकाच उंचीवर असलेले), आतला कागदसुद्धा अजून काढलेला नाही आणि खाली मेसेज, "काकू, रविवारी वेताळ टेकडी, १० किलोमीटर!!" म्हणून सकाळी चहा ठेवून आधी हे लिहायला बसले. टेकडीवर जा की खुशाल, पण जुने शूज घालून जा.

मी हे सगळं करून बसलेय गं. २०१६ ला भाच्याने अमेरिकेहून मला असलेच शूज आणले होते, तेव्हा मी बँकेत होते, पंचवीस वर्षं रोज दोन-अडीच इंची टाचेच्या सँडल्स आणि पळायला लागून जेमतेम चार वर्षं. पहिल्याच दिवशी ८ किलोमीटर पळाले. आणि खरं सांगू, भारी वाटलं. बोटं मोकळी, पायाखालचा दगड न् दगड कळतोय, गुडघा कुरकुरत नाही, घरी येऊन ह्यांना सांगितलं की आता गुडघ्याचं टेन्शन संपलं. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगचा जिना कठडा धरून उलटी उतरले, वॉचमन बघत होता. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं, पण मला वाटलं दुखतंय म्हणजे सवय होतेय, पळत राहिले, आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या वर सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं. अकिलीस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर. तीन महिने पळणं बंद, फिजिओकडे चकरा, आणि जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन मी सोफ्यावर बसून टीव्हीवर बघितली.

शूजची चूक नव्हती त्यात, माझीच होती. आपल्या नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा ८ ते १२ मिलिमीटर वर असते, झीरो ड्रॉपमध्ये दोन्ही एका पातळीत. एवढासा फरक, पण टाच खाली गेली की प्रत्येक पावलाला पोटरी आणि अकिलीस तेवढे जास्त ताणले जातात, आणि तासाभरात किती हजार पावलं पडतात ते तुझं घड्याळच सांगेल. गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो हे खरंय, पण तो हवेत जात नाही, खाली पोटरीकडे जातो. माझा गुडघा खूश होता तो उगाच नाही, त्याचं बिल पोटरी भरत होती.

तू म्हणशील माझ्या शूजला तर जाड कुशन आहे. आहे ना, पण कुशन वेगळं आणि ड्रॉप, म्हणजे टाच-चवड्याच्या उंचीतला फरक, वेगळा, लोक हे दोन्ही एकच समजतात. अल्ट्रा कंपनीचे लोन पीक शूज बघ, पुढेमागे दोन्हीकडे २५ मिलिमीटर जाडी, तरी झीरो ड्रॉपच. त्या कंपनीची सुरुवातच मजेशीर आहे, युटामधला गोल्डन हार्पर, वडिलांचं रनिंग शूजचं दुकान, तर हा पोरगा टोस्टर ओव्हनमध्ये शूज तापवून सोल सोडवायचा, टाचेचा जास्तीचा थर काढायचा आणि परत चिकटवायचा. कुशन दगडापासून वाचवतं, पोटरीच्या ताणापासून नाही.

आणि त्या इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं उदाहरण मला देऊ नकोस. १९६० च्या रोम ऑलिंपिकला अनवाणी २ तास १५ मिनिटांत मॅरेथॉन जिंकला, मान्य. माझी आजीपण जन्मभर कोल्हापुरी वहाणेत शेतात वावरली, तीही सपाटच की. पण त्या पायांना लहानपणापासूनची सवय होती, तुझे पाय शाळेच्या बुटातून थेट हिंजवडीच्या एसीत गेलेत आणि वर शुक्रवारी उंच टाचांच्या सँडल्स! २०१३ मध्ये युटातल्याच ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीच्या लोकांनी सवयीच्या रनर्सना दहा आठवड्यांत पातळ, प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या शूजवर आणलं आणि आधी-नंतर पायांचे एमआरआय काढले, तर त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या पायाच्या हाडात सूज दिसली. तुझे शूज तेवढे पातळ नाहीत, पण दहा आठवडेसुद्धा कमी पडू शकतात एवढं त्यातून घे.

मग करायचं काय. पहिले दोन आठवडे फक्त चालायचं, घरात, भाजी आणायला, जमलं तर ऑफिसला. मग आठवड्यातून दोनदा, इझी रनच्या, म्हणजे सावकाश पळण्याच्या, सुरुवातीला १ किलोमीटर, पाय ताजे असताना, शेवटी नाही (शेवटी दमलेल्या पायावर नवीन काम टाकायचं नसतं), आणि पुढचं जुन्या शूजमध्ये. हो, दोन जोड्या बॅगेत न्यायच्या, लोक हसतील, हसू देत. दर आठवड्याला थोडं वाढव, एखाद्या आठवड्यात जड वाटलं तर तेवढंच ठेव. सपाट रस्त्यावरच, चढ सगळ्यात शेवटी, कारण चढावर टाच अजून खाली जाते. म्हणूनच या शूजमध्ये टेकडी नको म्हणतेय.

पळताना मुद्दाम चवड्यावर नाचत पळू नकोस. हे मी शंभर जणांना सांगितलं असेल. कोणीतरी सांगतं झीरो ड्रॉप म्हणजे टाच टेकवायचीच नाही, आणि मग बिचारे चोरपावलांनी पळत सुटतात. टाच टेकू दे, हलकेच टेकू दे, पाऊल फक्त छोटं ठेव.

आणि जिन्याच्या पायरीवर एका पायावर टाचा उचलणं रोज कर, गुडघा सरळ ठेवून आणि मग थोडा वाकवून, पोटरीत दोन स्नायू आहेत, वाकवल्याशिवाय आतल्यावर नीट काम पडत नाही. सलग पंचवीस निघाले की मला कळव, माझे पहिल्यांदा नऊ निघाले होते.

दुखण्याचं म्हणशील तर दोन्ही पोटऱ्या सारख्याच आंबल्या तर घाबरू नकोस. पण एकाच पायात, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखलं, विशेषतः पावलाच्या वरच्या बाजूला किंवा टाचेच्या वर, तर थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं, ग्रुपवर विचारत बसायचं नाही.

साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनचा तर विषयच नको. यवतेश्वरचा घाट चढायचा नि तोच उतरायचा, २१ किलोमीटर, रेसला आठ आठवडे राहिलेत, तिथे जुनेच शूज.

अरे हो, साइज. इनसोल (बुटातली सुटी गादी) बाहेर काढून त्यावर उभी राहा, करंगळी बाहेर येत असेल तर टॅग काढायच्या आत बदलून घे. संध्याकाळी बघ, तेव्हा पाय सुजलेले असतात.

आज सहाला ते पिवळे घालून लक्ष्मी रोडला ये, मला ब्लाउजपीस घ्यायचाय, चार दुकानं तरी होतीलच, तेवढं चालणं पहिल्या दिवसाला पुरे. चिखल असेल, तयारीने ये.

तुझी काकू