टक्का पाहायचा की पोतं?

हरभऱ्याचा उतारा वाढला की प्रथिनं घटतात म्हणे. मग वाण कोणतं निवडायचं? (शेतकरी, दर्यापूर)

भाऊ, तुम्ही ऐकलं ते बऱ्याच अंशी खरं आहे. एक ग्रॅम साखरेतून झाडाला सुमारे ०.८ ग्रॅम स्टार्च करता येतो, प्रथिनं मात्र जेमतेम ०.४ ग्रॅम. शिवाय प्रथिनांना नत्र लागतं. घाटे भरताना मुळांकडून येणारं पुरत नाही, म्हणून झाड स्वतःच्या पानांतलं ओढून घेतं. तेव्हा पानं पिवळी पडतात, त्यामागे हेही एक कारण असतं.

पण नुसत्या टक्क्यावर जाऊ नका. एका कोरड्या हंगामात माझ्या नमुन्यांपैकी सर्वांत जास्त टक्का एकाच वाफ्याचा आला. मला फार आनंद झाला. मग ते दाणे तळहातावर घेतले, तर सगळे सुरकुतलेले, फुंकरीने उडतील असे. स्टार्च भरलाच नव्हता, म्हणून प्रथिनांचा वाटा मोठा दिसत होता. तेव्हापासून मी हिशेब एकरीच करतो. ८ क्विंटल माल आणि २० टक्के प्रथिनं, म्हणजे १६० किलो. ६ क्विंटल आणि २४ टक्के, म्हणजे १४४. बाजार समितीत टक्क्याला वेगळा भाव मिळत नाही, हेही तुम्ही जाणताच.

तेव्हा मर रोगाला तोंड देणारं, टपोऱ्या दाण्याचं जाकी ९२१८ सारखं वाण घ्या आणि रायझोबियमची, म्हणजे मुळांच्या गाठींत राहून हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूंची, बीजप्रक्रिया चुकवू नका. फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड मातीसकट खणून काढा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसलं, तर हवेतलं नत्र झाडाला मिळतंय.

तुरीतली प्रथिनं वाढवता येतील का? (कृषी पदविकेची विद्यार्थिनी, वणी)

येतील, आणि ते झालंही आहे. नेहमीच्या तुरीत २० ते २२ टक्के प्रथिनं असतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत तुरीच्या रानटी भाऊबंदांशी संकर करून २५ टक्क्यांच्या पुढचे वाण तयार केले गेले. वाट लांबची आहे. रानटी तुरीचा दाणा बारीक, शेंगा तडकणाऱ्या. ते दोष काढायला पिढ्यामागून पिढ्या निवड करावी लागते. त्यात तुरीच्या फुलांवर मधमाश्या फिरतात आणि परपरागीकरण होतं, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर पडतात. फांद्यांना जाळीच्या पिशव्या बांधल्या नाहीत, तर वर्षांची मेहनत मिसळून जाते. घरचं तुरीचं बी दोन-चार वर्षांत बिघडतं तेही यामुळेच. हरभऱ्याचं तसं होत नाही.

धानानंतर आम्ही लाखोळी (लाखेची डाळ) घेतो. तिच्यात प्रथिनं जास्त, मग लोक भितात कशाला? (भंडारा)

ताई, लाखोळीत प्रथिनं तुरीपेक्षा जास्तच. पण तिच्यात एक विषारी घटक असतो. महिनोन् महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली, तर पाय लुळे पडू शकतात. पैदासकारांनी हा घटक कमी असलेले रतन, प्रतीक असे वाण काढले आहेत. बी त्यांचंच घ्या. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या, आणि आठवड्यातले बाकीचे दिवस तुरीचं नाहीतर मुगाचं वरण करा.