नोस्फेरातू म्हणजे 'अमर' नव्हे

विचारणा अशी : 'नोस्फेराटू' हे त्या जुन्या मूकपटातल्या पिशाचाचं नाव का? आणि मराठीत त्याला वेताळ म्हटलं तर चालेल का?

नाव नव्हे. दिग्दर्शक मुर्नाऊच्या 1922च्या जर्मन मूकपटात तो काउंट ऑरलॉक आहे. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (1897) कादंबरीवरून परवानगी न घेता सिनेमा काढला, म्हणून पात्रांची नावं बदलली. तरी स्टोकरच्या विधवेने कोर्टात खेचलंच. हे बहुतेकांना ठाऊक असतं, सोडून देऊ. पण शेवटी 'टू' लिहू नका हो. रुमेनियन त दंत्य आहे, आपल्या ताटातला. आपल्याकडे त आणि ट दोन्ही असताना इंग्रजांची अडचण अंगावर का घ्यायची?

डोकं फिरतं ते या शब्दापुढे हमखास जोडल्या जाणाऱ्या वाक्याने : 'जुना रुमेनियन शब्द, अर्थ न मेलेला.' रक्त पिणाऱ्या मढ्याला रुमेनियन माणूस 'स्त्रिगोय' म्हणतो. नोस्फेरातू त्याच्या बोलण्यातला शब्दच नाही. स्टोकरने तो उचलला एमिली जेरार्ड या स्कॉटिश बाईंकडून. नवरा ऑस्ट्रियन फौजेत, बदली ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रुमेनियात. तिथे ऐकलेल्या समजुतींवर बाईंनी 1885 साली लेख लिहिला. त्याआधी 1860च्या दशकातल्या एका जर्मन लेखातही हा शब्द सापडतो. म्हणजे ऐकणारे दोघेही परके. 'न मेलेला' हा अर्थ चिकटला तो कादंबरीतल्या व्हॅन हेलसिंगमुळे.

मग गावकरी काय म्हणाला असेल? माझ्या मते 'नेसुफेरितु'. ने म्हणजे न, सुफेरि म्हणजे सोसणे : सोसवत नाही असा तो. रुमेनियनमध्ये 'तो' दाखवणारा प्रत्यय -उल शब्दाच्या शेवटी लागतो आणि बोलताना त्यातला ल गळतो. शेवटचा उ तिथला. सैतानाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून 'तो असह्य'. आपल्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात, तसंच हे. आता मजा बघा. सुफेरिच्या पोटात लॅटिन 'फेर्रे' आहे, म्हणजे वाहणे, पेलणे. आणि तो संस्कृत भृ धातूचा सख्खा भाऊ, ज्यातून आपला भार आला. ऑरलॉकच्या बिरुदात भार! 'दुर्भर' हा शब्द समोर ठेवा, झालं.

काही पंडित ग्रीक 'नोसोफोरोस' पुढे करतात, रोग वाहून नेणारा. पुरावा काय, तर सिनेमात शवपेट्यांतून उंदीर निघतात आणि गावात प्लेग पसरतो. अहो, सिनेमा 1922चा, शब्द त्याच्या अर्धशतक आधीचा! नातवाच्या नाकावरून आजोबांचं नाक ठरवायचा प्रकार आहे हा. शिवाय त्या 'फोरोस'मध्येही भृच आहे, म्हणजे हरूनही भार माझ्याच पदरात.

तिसरा पक्ष 'नेकुरातु'वाल्यांचा, म्हणजे 'अमंगळ'. हाही सैतानासाठीच वापरतात, आणि शेवटचं 'रातु' माझ्या 'रितु'पेक्षा चांगलं जुळतं, हे मान्य. पण क चा स्फ कुठल्या नियमाने झाला, तेवढं सांगा. परक्याच्या कानाने इ चा अ ऐकला असेल. क च्या जागी स्फ ऐकायला कान नव्हे, कल्पनाशक्ती लागते.

(सिनेमा काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं प्राणा-फिल्म. होय, आपला प्राण. एवढा एक सिनेमा काढला आणि प्राण गेला.)

वेताळाचं राहिलंच. नाही चालणार. वेताळ मढ्यात शिरतो, गोष्टी सांगतो, कोडी घालतो. तळकोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार देव आहे. निजलेल्या बाईच्या गळ्याला तोंड लावणं त्याच्या खात्यात नाही. रक्तपिशाच म्हणा. आणि च एकच. संस्कृतात पिशाच, 'पिशाच्च'मधला दुसरा च आपण घरून आणलाय.