पन्नाशीनंतर इटालियन हॉटेलात वेटर

दादा, पन्नाशीनंतर इटालियन हॉटेलात वेटर व्हायचं म्हणून वयाची धास्ती सोडा. यंत्रमागावर पाळ्या काढलेल्या माणसाला उभं राहायला कुणी शिकवायचं? फक्त मऊ तळाचे बूट घ्या.

आधी एवढंच:

- मेनूतली नावं घोकू नका, पदार्थात काय पडतं ते शेफला विचारा. कार्बोनारा या पास्त्यात अंडं आणि डुकराचं मांस, पेस्टो या हिरव्या चटणीत लसूण. अस्सल पार्मेजान चीज वासराच्या रेनेटनं, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणासारख्या द्रव्यानं बनतं. आपल्या सोलापुरात जैन, लिंगायत कुटुंबं जेवायला येतात. ‘शाकाहारी आहे ना?’ याला अंदाजानं ‘हो’ म्हणणं, ही नवख्यांची सगळ्यात वाईट चूक.
- ऑर्डर परत वाचून दाखवा.
- पास्ता तयार झाला की लगेच टेबलावर. रेंगाळला की गिच्च होतो.

घाईत चार प्लेटा उचलू नका, दोनच न्या. वाइनचं नंतर बघू. उद्या कामावर जाच!