क्राफ्ट ब्रुअरीच्या टेस्टिंग रूममध्ये पहिल्यांदा जाताना काय पाहावे आणि कसे चाखावे?

आपण विचारले आहे की, सोलापुरात राहणाऱ्या आणि वर्षातून दोन-तीनदाच बाटलीतील बिअर घेणाऱ्या माणसाने पुण्याच्या एखाद्या क्राफ्ट ब्रुअरीच्या (म्हणजे लहान प्रमाणावर स्वतःची बिअर बनवणाऱ्या ठिकाणाच्या) टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे बिअर चाखण्याच्या दालनात, जाऊन नेमके काय करायचे असते, आणि तिथल्या शब्दांची काहीच ओळख नसेल तर जाण्यात अर्थ आहे का. अर्थ नक्कीच आहे. मी सोलापूरचाच, आमची शेती मंगळवेढ्याच्या बाजूला, मालदांडी ज्वारीची. पहिल्यांदा गेलो तेव्हा ते शब्द माझ्याकडेही नव्हते. धान्याची ओळख मात्र होती आणि तिथे तीच कामाला आली.

अशा ठिकाणी बिअर शिजवण्याच्या आणि आंबवण्याच्या स्टीलच्या टाक्या बहुधा काचेपलीकडे दिसतात, आणि एका मोठ्या ग्लासाऐवजी लाकडी फळीवर चार ते सहा लहान ग्लास मांडून देतात. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही क्राफ्ट ब्रुअरी सुरू झाल्यापासून ही पद्धत रुळली आहे, त्यामुळे नमुने मागण्यात संकोच बाळगण्याचे काही कारण नाही.

माझा पहिला आग्रह असा की, ग्लास उचलण्याआधी माल्टचे दाणे मागावेत. बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. माल्ट म्हणजे मोड आणून गरम हवेत वाळवलेले जव. आपल्याकडे सातू म्हणतात तेच धान्य. दाण्याला मोड फुटू लागला की, आतील पिठाची साखर करणारी पाचक द्रव्ये तयार होतात, आणि मोड लांब वाढण्याआधीच दाणा वाळवून ती वाढ थांबवली जाते. फिकट माल्टचा दाणा चावत राहिलो तेव्हा हळूहळू उतरलेली गोडी मला थेट हुरड्याच्या दिवसांत घेऊन गेली, तर काळपट भाजलेल्या दाण्यात तव्यावर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची कडवट चव होती. पुढे ग्लासात जे येते त्याचा रंग आणि बराचसा स्वाद याच दाण्यांतून आलेला असतो, हे एकदा दाताखाली कळले की पुढचे सगळे सोपे होते.

त्यानंतर मी तिथल्या ब्रुअरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्याला, विचारले की, ज्वारीची बिअर का करत नाही. हा प्रश्न आपणही जरूर विचारावा, कारण त्याच्या उत्तरात संपूर्ण प्रक्रिया उलगडते. भरडलेला माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. तेवढ्या उष्णतेत जवाचे पीठ फुलते आणि त्याच वेळी ती पाचक द्रव्ये त्याची साखर करतात. ज्वारीच्या पिठाला फुलण्यासाठी याहून जास्त उष्णता लागते, आणि तितक्या उष्णतेत पाचक द्रव्ये निकामी होतात, म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवून घ्यावी लागते. माझ्या आईने भाकरीसाठी कढत पाणी का घेतले, याचे मूळही तिथेच आहे: ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, तेव्हा पीठ कढत पाण्याने फुलवले तरच ते बांधले जाते आणि भाकरी थापता येते. दुसरी अडचण टरफलाची. जवाचे टरफल तळाशी बसून गाळणीचे काम करते, तर मळणीनंतर ज्वारीच्या दाण्यावर असे टरफल राहत नाही आणि लगदा गाळताना अडतो. असे असूनही आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. दक्षिण आफ्रिकेतील उमकोंबोथी ही बिअर मका आणि ज्वारीच्या माल्टपासून करतात. शिवाय ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे, ज्यांना गहू-जव चालत नाहीत त्यांच्यासाठीही तिची बिअर केली जाते. मालदांडी पिकवणाऱ्या जिल्ह्यातील माणूस म्हणून या विषयाबद्दल मला मनापासून आस्था आहे, आणि आपल्या भागातील कोणीतरी हा प्रयोग चिकाटीने करावा, असे वाटते.

गाळलेला गोड रस हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांसह तासभर उकळतात, त्यातून कडूपणा येतो. मग तो थंड करून यीस्ट, म्हणजे साखरेचे मद्य करणारे सूक्ष्म जीव, घालतात. यीस्टचा वाटा मात्र चाखल्याशिवाय पटत नाही. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात केळे किंवा लवंग घातलेली नसते. तो वास यीस्टनेच तयार केलेला असतो. जर्मनीतील बव्हेरियाच्या १५१६ च्या नियमात बिअरचे घटक म्हणून जव, हॉप्स आणि पाणी एवढेच सांगितले होते, कारण यीस्ट हा सजीव आहे हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते. याउलट बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये खरोखरच धणे आणि संत्र्याची साल घालतात. या दोन्ही शेजारी ठेवून चाखाव्यात. रोज धणे भाजणाऱ्या घरातील माणसाला दुसरी ओळखण्यासाठी कोणाची मदत लागणार नाही.

क्रम फिकटाकडून गडदाकडे आणि सौम्याकडून कडूकडे ठेवावा. हॉप्सचा भर असलेली आयपीए (इंडिया पेल एल) ही बिअर आधी घेतली तर तिचा कडूपणा जिभेवर रेंगाळतो आणि नंतरची हलकी बिअर पाण्यासारखी वाटते, ज्यात त्या बिअरचा दोष काहीच नसतो. आधी वास, मग लहान घोट, आणि मध्ये साधे पाणी. अतिशय थंड बिअरचा वास दबतो, त्यामुळे स्टाउट ही गडद बिअर दहा मिनिटे तशीच राहू द्यावी. सोबत फुटाणे किंवा साधा पाव पुरतो. आपली लसणाची शेंगाचटणी मला कितीही प्रिय असली तरी ती चाखणे संपल्यावरच खावी, कारण तिखटापुढे नाजूक चवी टिकत नाहीत. एखादा नमुना आवडला नाही तर तो तसाच ठेवावा आणि का आवडला नाही ते साध्या मराठीत सांगावे. मी एका बिअरला ‘भिजवलेल्या कडब्याचा वास’ म्हटले होते, तर ब्रुअरने स्वतः ग्लास उचलून वास घेतला आणि त्या हॉप्सबद्दल बराच वेळ समजावून सांगितले.

प्रमाणाचा हिशेब आधीच मनाशी धरावा. १०० मिलिलिटरचे चार नमुने म्हणजे ४०० मिलिलिटर, अर्थात ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीपेक्षा जास्तच, आणि त्यातील काही नमुने नेहमीच्या बिअरहून तीव्र असू शकतात. म्हणून स्वतःचे वाहन नेऊ नये. कायद्याने वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच मद्यार्क चालतो, आणि पुणे-सोलापूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर रात्री कापायचे म्हणजे तसाही थकवा येतो. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी तिनेच परतावे. दुपारी ब्रुअरीत गर्दी कमी असते, त्यामुळे बोलायला माणसेही मोकळी सापडतात. महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, तोही आधी करून घ्यावा. एक दिवसाचासुद्धा मिळतो.

निघताना जमल्यास गाळून उरलेला चोथा दाखवायला सांगावे. साखर निघून गेलेली असली तरी त्यात प्रथिने आणि तंतू राहतात, म्हणून तो जनावरांना खाऊ घालतात. मी गेलो त्या दिवशी तो गरम चोथा पिंपांत भरून गोठ्याकडे निघाला होता. मी मूठभर हातात घेतला, तेव्हा त्याला आमच्या घरी म्हशीसाठी शिजवायच्या आंबोणासारखा वास येत होता.