गर्भनिरोधक रिंग तुटली तर काय करावे?

प्रश्न : मी योनीमार्गात बसवायची, तीन आठवड्यांची गर्भनिरोधक रिंग वापरते. दुसऱ्या आठवड्यात आत टोचल्यासारखे वाटू लागले म्हणून ती काढून पाहिली, तर सांध्यावर सुटून सरळ झालेली दिसली. ती केव्हा तुटली ते कळले नाही. आदल्या रात्री शरीरसंबंध आला होता. सगळे औषध एकदम अंगात गेले असेल का? गर्भ राहील का?

उत्तर : औषध एकदम अंगात गेले असेल, ही भीती आधी मनातून काढून टाका. या रिंगमधील एटोनोजेस्ट्रेल आणि इथिनाइल एस्ट्रॅडिऑल ही संप्रेरके पोकळीत भरलेली नसून प्लॅस्टिकमध्येच मिसळलेली असतात आणि दिवसाला सरासरी अनुक्रमे १२० व १५ मायक्रोग्रॅम इतकी सावकाश बाहेर पडतात, त्यामुळे सांधा सुटल्याने जास्त मात्रा मिळण्याचा संभव फारसा नाही. याच कारणाने तुटलेली रिंग आत असेपर्यंत तिचा परिणामही सहसा कमी होत नाही. खरी अडचण वेगळी आहे : सुटलेली टोके टोचतात, क्वचित जखमही करतात आणि अशी रिंग नकळत घसरून बाहेर पडू शकते.

तुटलेली रिंग पुन्हा बसवू नका. शक्य तितक्या लवकर नवी रिंग बसवा आणि पुढील ७ दिवस कंडोमही वापरा, कारण योनीमार्ग ३ तासांपेक्षा जास्त काळ रिंगविना राहिल्यास संरक्षण कमी होऊ शकते. (वर्षभर चालणाऱ्या रिंगचे नियम निराळे आहेत, त्यासाठी तिच्यासोबतचे माहितीपत्रकच पाहावे.) आदल्या रात्री संबंध आलेला असल्याने डॉक्टरांशी आजच बोला. तातडीच्या गर्भनिरोधनाची गरज आहे का, हे ते ठरवतील. त्यासाठीच्या गोळ्या जितक्या लवकर घ्याव्यात तितक्या अधिक उपयोगी पडतात. मात्र त्यांतील युलिप्रिस्टाल या गोळीचा परिणाम लगेच सुरू केलेल्या संप्रेरकांमुळे घटू शकतो, म्हणून रिंग वापरत असल्याचे आवर्जून सांगा. नवी रिंग कोणत्या दिवशी काढायची, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

एखादा तुकडा आत राहिल्याची शंका असल्यास घाबरू नका. योनीमार्ग वरच्या टोकाला गर्भाशयमुखापाशी संपतो, त्यामुळे तुकडा पोटात जाऊ शकत नाही आणि डॉक्टर तो तपासणीत काढू शकतात. रक्तस्राव होत असेल किंवा दुखणे थांबत नसेल, तर तपासणी लांबवू नका. काढलेली रिंग शौचकूपात न टाकता तिच्या पाकिटात घालून कचऱ्यात टाका.