‘कोण तपासतंय?’ असं मुलाला सांगू नका

प्रश्न: माझा मुलगा बारावीत आहे. गेल्या वर्षी शाळेत त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर भाषण केलं, ते खूप गाजलं. त्याआधी आमच्या कंपनीच्या वार्षिक परिषदेत मी एका फ्युचरिस्टचं, म्हणजे भविष्यावर बोलणाऱ्या वक्त्याचं, भाषण ऐकलं होतं. तंत्रज्ञान, नवे शोध, उद्याचे उद्योग यांवर ते पाऊण तास बोलले आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. तेव्हाच ठरवलं की मुलाने हेच करायचं. नव्वद दिवसांत वक्ता घडवणाऱ्या ऑनलाइन कोर्सला त्याला घातलं आहे, ‘युवा फ्युचरिस्ट’ नावाचं चॅनेल काढून दिलं आहे आणि रोज एक व्हिडिओ करून घेतो. पण हल्ली तो टाळाटाळ करतो. म्हणतो, ‘बाबा, हे खरंच होणार का मला माहीत नाही, मी कसं सांगू?’ मी सांगतो, आत्मविश्वासाने बोल, दहा वर्षांनी कोण तपासतंय? गणितात ६१ आहेत, पण या क्षेत्रात गुण कोण विचारतो? कमीत कमी वेळात होणारी कोणती पदवी त्याला द्यावी, की पदवी नकोच?
– एक पालक

उत्तर:

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. ‘दहा वर्षांनी कोण तपासतंय?’ पदवीचं आणि गुणांचं नंतर बघू. आधी या वाक्याचं बोलायला हवं.

सतरा वर्षांचा मुलगा तुमच्याकडे येऊन म्हणतो, मला जे माहीत नाही ते मी ठामपणे कसं सांगू. तुम्हाला ती टाळाटाळ वाटली. मला मात्र अख्ख्या पत्रातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच वाटली. व्यासपीठाची भीती वेगळी असते. तेव्हा घशाला कोरड पडते, शब्द आठवत नाहीत. तुमच्या मुलाला ती नाही, शाळेत सगळ्यांसमोर बोलून त्याने ते दाखवलंय. तो अडतोय दुसऱ्याच ठिकाणी. आपल्याला माहीत असलेलं कुठे संपतं आणि अंदाज कुठे सुरू होतो, ती रेघ त्याला दिसते आहे. भविष्यावर बोलणाऱ्या माणसाकडे एवढं असलं तरी पुष्कळ झालं. मोठमोठ्या नावांकडेही ते नेहमी असतंच असं नाही. आणि नेमकं तेच तुम्ही दिवसाला एक व्हिडिओ या हिशेबाने त्याच्यातून पुसून काढत आहात. मी कडक लिहिते आहे, कारण हे तो एखाद्या कोर्सवाल्याकडून शिकला असता तर पुढे विसरलाही असता. वडिलांकडून शिकलेलं सहजी सुटत नाही.

शिवाय, तपासणारे तपासतात. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने जवळपास दोन दशकं २८४ तज्ज्ञांची हजारो भाकितं नोंदवून ठेवली आणि मुदत संपली की ती पडताळून पाहिली. २००५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. सरासरी तज्ज्ञ साध्या ढोबळ अंदाजाच्या फारसा पुढे जात नाही, आणि माध्यमांत ज्यांची नावं जास्त गाजत होती त्यांची भाकितं जास्त चुकत होती. संगणक एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेट तंत्राचे एक जनक रॉबर्ट मेटकाफ यांनी १९९५ मध्ये आपल्या स्तंभात लिहिलं होतं की १९९६ मध्ये इंटरनेट कोलमडेल. ते कोलमडलं नाही. १९९७ च्या एका परिषदेत त्यांनी सगळ्यांसमोर तो छापील स्तंभ पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवला आणि पिऊन टाकला. मला हा माणूस आवडतो. चुकला, पण हिशेब द्यायला त्याच व्यासपीठावर आला.

काही भाकितांची किंमत मात्र बोलणाऱ्याला नाही, ऐकणाऱ्याला मोजावी लागते. २०१६ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेतले आघाडीचे संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले, नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं आता थांबवावं. पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्रं त्यांच्यापेक्षा चांगलं काम करतील. हिंटन कोणी ऐरेगैरे नव्हेत, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं आहे. पुढे त्यांनीच मान्य केलं की आपण फार सरसकट बोललो, मनात फक्त प्रतिमा वाचण्याचं काम होतं. रेडिओलॉजिस्ट आजही हवेच आहेत. पण त्या दिवसांत एक मुलगी ही शाखा घ्यावी का, असं विचारायला माझ्याकडे आली होती. तिच्या वडिलांच्या फोनमध्ये हिंटन यांचं तेच वाक्य होतं. मी तिला ठाम उत्तर दिलं नाही आणि तिने दुसरी शाखा घेतली. त्याची रुखरुख मला अजून आहे. तुमचा मुलगा चॅनेलवर ‘अमुक नोकऱ्या पाच वर्षांत संपणार’ असं सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्यांत अशी एखादी मुलगी असू शकते.

आता तुमच्या पत्रातला मुख्य गैरसमज. फ्युचरिस्ट म्हणजे पुढे काय होणार ते सांगणारा, असं तुम्ही धरून चालला आहात. हे काम गंभीरपणे करणारे बहुतेक लोक तसा दावाच करत नाहीत. शेल या तेल कंपनीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पिएर वाक आणि त्यांचे सहकारी काम करत होते. ‘तेल अमुक महिन्यात महागेल’ असं त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी व्यवस्थापकांपुढे निरनिराळी चित्रं मांडली. त्यातल्या एकात तेल उत्पादक देश पुरवठा आवळतात आणि भाव उसळतो. तसं झालं तर तुम्ही काय कराल, हे त्यांनी लोकांना आधीच विचार करायला लावलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलपुरवठ्यावर निर्बंध आले आणि तीन डॉलरच्या आसपासचं तेलाचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेलं, तेव्हा त्या कंपनीतल्या माणसांनी ही परिस्थिती निदान मनात तरी एकदा पाहिलेली होती. या कामाला सिनॅरिओ प्लॅनिंग म्हणतात. अमेरिकेतल्या हवाई राज्याच्या विद्यापीठात अनेक दशकं भविष्याचा अभ्यास हा विषय शिकवणारे जिम डेटर तर भविष्य हा शब्द अनेकवचनातच वापरायला लावायचे. वाढ चालू राहिली तर, सगळं कोसळलं तर, समाजाने स्वतःला शिस्त लावून घेतली तर, आणि सगळंच मुळापासून पालटलं तर, अशा चार वाटांनी एकाच प्रश्नाकडे बघायचं. यात ‘मला माहीत नाही’ म्हणणारा नापास होत नाही. तिथूनच कामाला सुरुवात होते.

आणि व्यासपीठ या कामाच्या शेवटी येतं. ॲल्विन आणि हायडी टॉफ्लर या दांपत्याने तरुणपणी पाच वर्षं कारखान्यांत अंगमेहनतीची कामं केली. ॲल्विन वेल्डिंग करायचे. मग कामगारांवर लिहिलं, मग उद्योगांवर. १९७० मध्ये भविष्यावरचं त्यांचं ‘फ्युचर शॉक’ हे पुस्तक जगभर गेलं तेव्हा ते चाळिशी ओलांडून गेले होते. आज फ्युचरिस्ट म्हणून ओळखले जाणारे रे कुर्झवाइल यांनी १९७६ मध्ये अंध व्यक्तींसाठी छापील मजकूर वाचून दाखवणारं यंत्र बाजारात आणलं. मोठाली भाकितं नंतरची. नव्वद दिवसांचा कोर्स बोलताना थांबण्याच्या जागा शिकवेल, हात कुठे ठेवायचे ते शिकवेल. त्या पाऊण तासात सांगायचं काय, हे तो देऊ शकत नाही. व्यवसाय म्हणूनही सांगते: मानधनातला साधारण २० ते ३० टक्के हिस्सा वक्त्यांची नेमणूक करून देणाऱ्या संस्थेला जातो, आणि २०२० मध्ये परिषदा रद्द झाल्या तेव्हा फक्त भाषणांवर जगणाऱ्यांची मिळकत एका झटक्यात आटली. टिकले ते सल्ला, संशोधन, लेखन असं दुसरं काहीतरी करणारे.

पदवीचं लवकर सांगते. अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात १९७४ पासून भविष्याच्या अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, फिनलंडमध्ये टुर्कू विद्यापीठातही आहे. पण तिथे जायला आधी कुठली तरी पदवी लागते. ती अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, जीवशास्त्र, काहीही चालेल. त्याला ज्यात रस आहे ती, पूर्ण कालावधीची. ६१ गुणांनी काही अडत नाही. पण ‘या क्षेत्रात गुण कोण विचारतो’ म्हणून गणित सोडायला सांगू नका. शक्यता आणि वाढीचा दर या दोन गोष्टी कळल्या नाहीत तर तंत्रज्ञानाविषयी बोललेलं सगळं ऐकीव राहतं.

आणखी एक. त्या सभागृहात तुम्ही होतात, तो नव्हता. अंगावर रोमांच तुमच्या आले. तुमच्या पत्रात ‘ठरवलं’ आहे, ‘घातलं’ आहे, ‘करून घेतो’ आहे. त्याने काय मागितलं ते एकदाही नाही. मग मी तुम्हालाच विचारते: तुम्ही का बोलत नाही? इतकी वर्षं तुम्ही एका उद्योगात आहात. कोणतं यंत्र आलं, कोणतं काम गेलं, कोणत्या बदलाचा गाजावाजा झाला आणि दोन वर्षांत तो बारगळला, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. सतरा वर्षांच्या मुलाकडे नसलेला ऐवज तुमच्याकडे आहे. कंपनीतल्या नव्या लोकांसमोर वीस मिनिटांपासून सुरुवात करा. मी हे मनापासून सुचवते आहे. चॅनेलवरचं ‘युवा फ्युचरिस्ट’ हे नाव मात्र आज काढा, आणि व्हिडिओ ठेवायचे की पुसायचे ते त्याला ठरवू द्या.

पुढचं त्याला वाचायला द्या.

मित्रा, तुझा प्रश्न बरोबर होता. बोलायची आवड असेल तर सोडू नकोस, पण सोबत एक वही ठेव. महिन्याला पाच भाकितं लिही, प्रत्येकाला मुदत दे आणि किती टक्के खात्री आहे ते लिही. ‘रोबो वाढतील’ असं मोघम नको. ‘अमुक तारखेपर्यंत अमुक कंपनी चालकाविना टॅक्सी आणखी एका शहरात सुरू करेल, खात्री ८० टक्के’ असं. १९५० मध्ये ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने अशा अंदाजांना गुण देण्याची सोपी रीत मांडली. ती गोष्ट घडली तर १, नाही घडली तर ०. त्यातून तुझे ८० टक्के, म्हणजे ०.८, वजा कर आणि वर्ग कर. घडली तर ०.०४, नाही घडली तर ०.६४. सगळ्यांची सरासरी शून्याच्या जितकी जवळ तितकं चांगलं. प्रत्येक वेळी डोळे मिटून ‘५० टक्के’ म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात. सहा महिन्यांनी तुझी सरासरी त्याहून वर गेली, तर कोणत्या विषयांनी ती वर नेली ते शोध. तिथे तू वाचलेलं कमी आणि ऐकलेलं जास्त असेल. बाबांनाही एक वही दे. भाकितं तीच, तारखा त्याच, टक्के मात्र दोघांनी एकमेकांना न दाखवता लिहायचे.